पिकअपचे पुढचे हब बदलून घेताय? पैसे देण्याआधी एकदा लॉक करून पाहा

एकूण 46,000 रुपये गेले. त्यातले 27,500 एका माणसाच्या खिशात, बाकीचे त्याचा घोळ निस्तरण्यात. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण घरी तो मी तीन आठवडे लपवला आणि शेवटी बायकोला दुसऱ्याच मिस्त्रीच्या तोंडून कळला. जी लाज जायची ती तेव्हाच गेली.

माझी पिकअप 2009 ची, फोर बाय फोर, म्हणजे गरज पडली की इंजिनची ताकद चारही चाकांना देता येते. राहायला नागपुरात, साडेचार एकर संत्रा काटोल तालुक्यात. पावसाळ्यात काळ्या मातीत ज्याने पाय रोवून पाहिला असेल त्याला फोर बाय फोर काहून लागते हे मी सांगायला नको. आधीच्या मालकाने पुढचे ऑटो हब (चाकाच्या मध्यभागी बसणारा भाग, चाक आतल्या शाफ्टला आपोआप जोडतो-सोडतो) काढून फिक्स फ्लँज, म्हणजे ते कायमचं जोडून ठेवणाऱ्या चकत्या, मारले होते. म्हणजे फोर-व्हील लावा की काढा, पुढचे अ‍ॅक्सल, डिफरन्शियल (दोन चाकांत ताकद वाटणारा), त्याला ताकद आणून देणारा प्रोपेलर शाफ्ट, सगळं चाकासोबत फिरतच राहणार. काटोल रोडला फेटरी ओलांडली की खालून जात्यासारखी घरघर सुरू. त्यावर उपाय साधा आहे, हाताने फिरवायचे लॉकिंग हब. डांबरी रस्त्यावर हबवरची डायल ‘फ्री’वर ठेवायची, चाकं सुटी फिरतात आणि आतलं सामान आराम करतं. चिखलात उतरायच्या आधी खाली उतरून दोन्ही बाजूच्या डायला ‘लॉक’ करायच्या. हे मला माहीत होतं. मी काही अडाणी म्हणून फसलो नाही, हे कृपा करून लक्षात ठेवा.

कळमन्याच्या बाजारात माल उतरवताना एका ओळखीच्या दलालाने नाव सुचवलं. स्पेअर पार्टचं दुकान आणि मागे गॅरेज. नाव लिहीत नाही. लिहिलं तर नोटीस त्याला नाही, मलाच येईल. कोणत्या चौकाजवळ तेही लिहीत नाही.

जून 11 ला गेलो. काउंटरवर डबा उघडून दाखवला. चकचकीत हबची जोडी, तेलकट कागदात गुंडाळलेली. हिशेब त्याने माझ्यासमोर एका वहीच्या पानावर केला: हब जोडी 18,500, चार बेअरिंग 1,250 प्रमाणे 5,000, सील किट 1,100, ग्रीस 450, मजुरी 3,000. झाले 28,050. जुने फ्लँज भंगारात घेतो म्हणाला, त्याचे 550 वजा. फिक्स 27,500. “पक्कं बिल पाहिजे तर 18 टक्के वरून लागतील काका, तुम्ही पाहा.” मी पाहिलं. चार-पाच हजार वाचवले. आता त्या चार-पाच हजारांकडे पाहतो तेव्हा स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. वहीच्या पानावर दुकानाचं नाव नाही, शिक्का नाही, फक्त ‘हब सेट फुल फिटिंग’ आणि एक कोंबडीचे पाय उमटल्यासारखी सही.

15,000 अ‍ॅडव्हान्स यूपीआयने दिले. स्कॅन केल्यावर स्क्रीनवर एका बाईचं नाव आलं. मी विचारलं. “मिसेसचं खातं आहे, दुकानाच्या खात्याचं लिमिट संपलं.” दुकान, कच्चं बिल, तिसऱ्याचं खातं. तुम्ही वाचून हसत असाल. हसा. मीही दुसऱ्याच्या गोष्टीत हसलो असतो.

आणि मी कोण? हिंगणा एमआयडीसीत 31 वर्षं स्टोअर सांभाळलेला माणूस. माल आला की आधी चलन, मग मोजणी, मग तपासणी, मग सही. एकदा बोल्टांची अख्खी पेटी मी फक्त आटे जरा ओढत होते म्हणून परत पाठवली होती, मॅनेजर ओरडत असताना. तो मी.

आता जिथे मला कळायला हवं होतं, त्या जागेवर येतो.

जून 14, शनिवार, संध्याकाळचे साडेसहा. गाडी खाली उतरवली, चाकं लागली. मी डाव्या चाकाजवळ बसलो आणि डायल फिरवली. अंगठा आणि दोन बोटं लावावी लागली. अर्ध्यात जरा अडते, मग पुढे जाऊन खाचेत बसते, आणि आवाज येतो, टक्क. हाताला कळतं की आत कशात तरी काहीतरी गुंतलं. मग उजव्या चाकाकडे गेलो. ती डायल एका बोटाने फिरली. आचाराच्या बरणीचं ढिलं झाकण फिरावं तशी. ना अडली, ना टक्क. मी परत फिरवली. तिसऱ्यांदा फिरवली. तीन वेळा! माझ्या स्वतःच्या बोटांनी मला तीन वेळा सांगितलं.

“भाऊ, हा ढिला लागून राहिला.”

“काका, ग्रीस ताजं आहे ना. शंभर किलोमीटर चालवा, बसून जाईल.”

शंभर किलोमीटर चालवून काय बसणार होतं? डायल गाडी चालवल्याने फिरते का? ती हाताने फिरते! गाडी एक लाख किलोमीटर पळाली तरी ती जिथे ठेवली तिथेच राहणार. हे इतकं साधं गणित मला तिथे सुचलं नाही. त्याने चहा मागवला होता. “तुमच्यासारखा जाणकार गिऱ्हाईक कमी येते,” असं म्हणाला होता. आभाळ भरून आलं होतं, मला घरी जायचं होतं. उरलेले 12,500 दिले आणि निघालो.

करायचं काय होतं ते लिहून ठेवतो, दहा मिनिटांचं काम आहे. फोर-व्हीलचा लिव्हर टूवर ठेवलेला, गाडी सपाट जागेवर, मागच्या चाकांना दगड. दोन्ही हब लॉक करा. पुढचं एक चाक जॅकवर उचला, हाताने फिरवा आणि कुणाला तरी खाली वाकून पुढचा प्रोपेलर शाफ्ट पाहायला सांगा. शाफ्ट फिरला तर तो हब पकडतो. मग दुसरं चाक उचला आणि तेच करा. नंतर डायल फ्रीवर टाकून चाक सुटं फिरतं का ते बघा. मिस्त्री “कायले त्रास घेता” म्हणाला तर त्याच्यासमोरच करा.

आता यातली खरी मेख. बिघडलेला हब फ्रीवर अगदी झकास चालतो. फ्रीवर त्याला काही पकडायचंच नसतं ना! जून-जुलै मी गाडी डांबरी रस्त्यावर चालवली आणि खूश होतो. घरघर गायब, स्टिअरिंग हलकं. मी त्या माणसाची दोघांजवळ तारीफ केली. एकाने तर माझ्या शब्दावर 5,000 अ‍ॅडव्हान्स देऊन ठेवले. त्याच्यासमोर आजही मान वर करून बोलता येत नाही.

ऑगस्टच्या पहिल्या हप्त्यात डीएपी खताच्या सहा बॅगा घेऊन मळ्यात गेलो. बांधाच्या अलीकडे नाल्याकाठी गाडी रुतली. उतरलो, दोन्ही डायला लॉक केल्या, लिव्हर फोरवर टाकला, क्लच सोडला. मागची चाकं जागच्या जागी चिखल उडवत राहिली. पुढची दोन्ही ढिम्म. डावा हब तर चांगला होता, मग डावं चाक तरी का फिरू नये? हे मला नंतर समजलं. डिफरन्शियल साधं असलं की ताकद जिकडे अडथळा नाही तिकडे पळते. उजवीकडे शाफ्ट हबमध्ये नुसताच गरगर फिरत होता, सगळा जोर तिथेच वाया. म्हणजे एक हब खोटा निघाला की दोन्ही चाकं गेली. जोडीचे पैसे दिले आणि हातात एकही नाही.

रात्रभर गाडी तिथेच. ताडपत्री होती, पण वाऱ्याने एका बाजूने उडाली आणि चार बॅगा भिजून दगड झाल्या. 1,350 प्रमाणे 5,400. सकाळी ट्रॅक्टरने ओढून काढली, 1,500.

वाडीकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने खोलायचे 800 घेतले. डायलच्या टोपीचे स्क्रू काढले, टोपी हातात घेतली आणि काही न बोलता माझ्याकडे दिली. आतल्या सरकत्या रिंगचे दाते घासून गोल झालेले. दाते कसले, चोखलेल्या पेपरमिंटच्या गोळ्या. तिला मागून ढकलणारी स्प्रिंगच नाही. टोपीखालचं रबर नाही. वरून चांदीचा रंग, नखाने खरवडला तर खाली गंज. मग बेअरिंग काढल्या. “या नव्या म्हणे?” त्याने विचारलं. कपवर, म्हणजे बाहेरच्या कड्यावर, निळसर डाग होते, कधीतरी तापून गेलेल्या बेअरिंगला येतात तसे, आणि रोलर फिरतात त्या पट्ट्यावर बारीक खड्डे. डिझेलमध्ये धुऊन, नवं ग्रीस भरून बसवलेल्या. बेअरिंगचा मला दाखवलेला डबा मात्र खरा होता, तो मी जपून ठेवलाय. डब्यावरचा नंबर आणि बेअरिंगच्या कडेला कोरलेला नंबर, दोन्ही वेगळे. डबा बघून काही कळत नाही. बेअरिंग हातात घ्या, नंबर जुळवा, आणि जमलं तर बसवताना समोर उभे राहा.

वरून हबचा नट इतका आवळलेला की चाक हाताने जड फिरत होतं. टेपर बेअरिंगचा नट चाक फिरवत फिरवत आवळायचा, मग थोडा मागे घ्यायचा आणि मग लॉक करायचा. काम करून आणल्यावर पंधरा-वीस किलोमीटर चालवून हबवर हात ठेवून पाहा. एक बाजू दुसरीपेक्षा जास्त तापली तर तिथूनच माघारी फिरा. मी ठेवून पाहिला नाही. पैसे दिल्यावर कोण हात लावतो?

माझे जुने फ्लँज तर मी 550 ला त्यालाच विकून बसलो होतो. आता वापरलेले फ्लँज 3,200, बेअरिंग 5,600, मजुरी 2,000. गाडी परत तिथेच, जात्यासारखी घरघर करत. जुनं सामान घरी आणा, भंगार असलं तरी आणा.

हब विकणाऱ्याच्या दुकानात परत गेलो तेव्हा त्याने उजवा हब हातात घेऊन सांगितलं, “हा आमचा मालच नाही. बदलला असेल कुणी. चिठ्ठीवर नंबर आहे का?” नव्हता. बाजूच्या दोघांनी खुर्चीवरून न उठता मान हलवली. एक जण म्हणाला, “चिखलात गाडी घालाच कायले?”

मग सुरू झाली माझी वारी. पोलीस ठाण्यात गेलो आणि तोंडातून निघून गेलं, “साहेब, 420 ची केस आहे.” तरुण हवालदार हसला. “काका, 420 आता राहिलंच नाही, 318 झालं.” खरं आहे, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि फसवणुकीचं कलम 318 आहे. कलम बदललं, उत्तर तेच: “हे सिव्हिल मॅटर आहे.” मी म्हटलं, जुना माल नवा म्हणून विकणं सिव्हिल कसं? तर म्हणे अर्ज देऊन जा. अर्ज दिला, पोच मागितली. पोच द्यायला तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. शिक्का मिळेपर्यंत मी बाकावरून उठलो नाही, दीड तास. पोच घेतल्याशिवाय तुम्हीही उठू नका, अर्ज हरवतात.

त्यानंतर जेव्हा जावं तेव्हा साहेब बंदोबस्तात. पोळ्याला मारबतीच्या मिरवणुकीचा बंदोबस्त. मग गणपती. मग दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिन. मग दिवाळी. डिसेंबरला तर काय, हिवाळी अधिवेशन, अख्खं नागपूरच बंदोबस्तात. मी म्हटलं, पुढच्या मारबतीला डुप्लिकेट बेअरिंगचा बडग्या (मिरवणुकीत नेतात तो पुतळा) मीच बनवून आणतो, निदान त्या दिवशी तरी कुणी वाचेल.

बँकेत विचारलं, तर त्या बाईच्या खात्याची माहिती देता येत नाही, आणि “पेमेंट तर तुम्हीच पिन टाकून केलं.” बरोबर आहे. पिन मीच टाकला. ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या एका कार्यालयात टेबलामागच्या बाईंनी चिठ्ठी दोन बोटांनी उचलून पाहिली. “गाडी मालवाहू आहे ना? मग तुम्ही ग्राहक नाही, व्यावसायिक वापर झाला.” मी गप्प बसून घरी आलो. नंतर एका ओळखीच्या वकिलाने 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा वाचून दाखवला: स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः राबून वापर केला, तर तो व्यावसायिक वापर धरत नाहीत. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. एवढं त्या बाईंना माहीत नव्हतं? की माझा चेहरा पाहून वाटलं की हा परत येणार नाही?

वकिलाने स्वतःची फी 12,000 सांगितली. तक्रार स्वतः लिहून देता येते, म्हणून मीच लिहून राहिलो. चार पानं झाली. तिसऱ्या पानावर डायलचा प्रसंग आहे. बायको म्हणते तो काढून टाका, तुमचीच चूक दिसते त्यात. मी काढला नाही. यूपीआयच्या पावत्या, ट्रॅक्टरवाल्याची सही, वाडीच्या मिस्त्रीने खोलताना मोबाइलवर काढलेले फोटो आणि पोलिसांची पोच लावली आहे. म्हातारा साक्ष द्यायला येतो म्हणाला, फक्त गुरुवार सोडून, त्या दिवशी त्याचं गॅरेज बंद असतं आणि तो गावी जातो.

उजवा हब, बेअरिंगचा रिकामा डबा आणि ती वहीची चिठ्ठी एका कापडी पिशवीत भरून ठेवली आहे. सोमवारी अकराला जातो.