गांजा आणि स्किझोफ्रेनिया दोन्ही आहे, मग कुठली थेरपी घ्यायची?

मागच्या महिन्यात रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात ओपीडीच्या रांगेत गुहागरकडच्या एक मावशी भेटल्या. मुलगा २६ वर्षांचा, स्किझोफ्रेनियाचं निदान होऊन तीन वर्षं झाली, गोळ्या चालू आहेत पण गांजा काही सुटत नाहीये. डॉक्टरांनी दोन-तीन थेरपींची नावं सांगितली होती आणि त्या मला विचारत होत्या की तुम्ही काय केलंत, आम्ही काय करू. माझ्या धाकट्या भावाला हे दोन्ही आहे, आठ वर्षं झाली. रांगेत उभ्या उभ्या सगळं सांगून होईना म्हणून इथे नीट लिहितेय.

आधी एक गोष्ट. या सगळ्या थेरपी गोळ्यांच्या जोडीला असतात, गोळ्यांऐवजी नाही. आणि "आधी गांजा सोडू दे, मग आजाराचं बघू" असं कोणी सांगितलं तर दुसरीकडे विचारा. दोन्हीवर एकाच वेळी आणि शक्यतो एकाच टीमने उपचार करायचे असतात, नाहीतर मानसोपचारवाले व्यसनमुक्तीकडे पाठवतात, व्यसनमुक्तीवाले परत मानसोपचाराकडे आणि पेशंट मधल्यामधे एसटीत. आमची दोन वर्षं अशीच गेली.

आता पहिला पर्याय, मोटिवेशनल इंटरव्ह्यूइंग. नाव मोठं आहे पण करतात ते साधं आहे, समोरचा माणूस "सोड" म्हणतच नाही. गांजाने तुला काय मिळतं, काय जातं, हे त्याच्याच तोंडून काढतात आणि बदलायचं कारण त्याचं त्यालाच सापडू देतात. माझ्या भावाने तिसऱ्या का चौथ्या भेटीत सांगितलं की ओढलं की झोप लागते, कानात येणारे भासाचे आवाज थोडे लांब जातात, आणि जेटीवरची पोरं फक्त तेव्हाच त्याला शेजारी बसू देतात. "मी सोडला तर माझ्याशी बोलणार कोण?" हे त्याने आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं, कारण आम्ही कधी विचारलंच नव्हतं, आम्ही फक्त खिसे तपासत होतो. ज्याला सोडायचंच नाहीये, जो "मला काही झालेलं नाही" म्हणतो, त्याच्यासाठी सुरुवात इथूनच. भेटी थोड्या लागतात आणि लिहायवाचायचा गृहपाठ नसतो.

दुसरा, सीबीटी, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी. यात विचार, भीती, आवाज यांच्याकडे कसं बघायचं, ओढायची तलफ आली की त्या वेळी काय करायचं, हे शिकवतात. नाइस ही ब्रिटनची उपचारांच्या गाइडलाइन काढणारी संस्था, तिच्या गाइडलाइनमध्ये सायकोसिससाठी (भास, भ्रम होणारे आजार, स्किझोफ्रेनिया त्यातलाच) कमीत कमी १६ भेटी सांगितल्यात, थेरपिस्ट आणि पेशंट दोघंच. चांगली आहे, पण डोकं थोडं शांत लागतं. तासभर बसता आलं पाहिजे, मागच्या वेळचं आठवलं पाहिजे. आजार भरात असताना आम्ही हट्टाने पाठवलं तर तो दहाव्या मिनिटाला उठून आला, त्यात त्याचीही चूक नाही आणि थेरपिस्टचीही. आणि आपल्याकडे अंतराचंही बघावं लागतं. गाव आतल्या बाजूला असेल तर दर आठवड्याला जाऊन येऊन अख्खा दिवस आणि सोबतच्या माणसाची मजुरी जाते.

या दोन्ही एकत्र करून ब्रिटनमध्ये मोठा अभ्यास झाला होता, २०१० मध्ये छापून आला, ३२७ लोक, वर्षभरात २६ पर्यंत भेटी. त्यात गांजा, दारू सगळीच व्यसनं होती. हॉस्पिटलात भरती व्हायचं प्रमाण काही कमी झालं नाही, पण ज्या दिवशी नशा करायचे त्या दिवशी कमी करायला लागले आणि ते नंतरही वर्षभर टिकलं. मग २०१४ मध्ये फक्त गांजावाल्या, आजाराच्या सुरुवातीच्या ११० तरुणांवर १२ आणि २४ भेटींचा प्रयोग झाला, तिथे गांजात फरक दिसला नाही. हे मुद्दाम सांगतेय, कारण सहा महिन्यांत सुटला नाही म्हणून आमची आई स्वतःला दोष देत बसली होती.

तिसरा पर्याय बक्षिसाचा. लघवी तपासायची, गांजा नाही निघाला तर व्हाउचर. इंग्लंडात ५५१ लोकांवर १२ आठवडे करून बघितलं, एकूण २४० पौंडांपर्यंत व्हाउचर होती, आजार उलटण्यात काही फरक पडला नाही. आपल्याकडे व्यवस्थित कोणी हे करत असेल तर विचारा, पण घरच्या घरी करू नका हे मी कळकळीने सांगते. रोज ओढणाऱ्याने थांबवलं तरी लघवीत गांजा कित्येक आठवडे दिसू शकतो, म्हणजे पोरगा खरं बोलत असतो आणि आपण त्याला खोटारडा ठरवतो. बाबांनी मोबाईलचं आमिष दाखवून हेच केलं होतं. ज्याला आधीच वाटतंय की घरचे माझ्यावर पाळत ठेवतायत त्याच्या हातात लघवीची बाटली द्यायची म्हणजे काय होणार, चार दिवस तो घरात जेवला नाही.

चौथा म्हणजे फॅमिली थेरपी आणि माझं मन इथेच आहे. लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन वगैरे संशोधकांनी खूप आधीच दाखवलं होतं की घरी सतत टीका, राग, अति काळजी असेल तर आजार जास्त उलटतो. पुढे चंदीगडलाही हे तपासलं, तिथल्या घरांत टीका कमी दिसली. पण आपल्या घरात नुसते आईबाप नसतात ना. आजी असते, शेजारचे काका असतात, गणपतीला मुंबईहून चाकरमानी येतात आणि आल्या आल्या "अरे कामाला लाग, सगळं बरं होईल" सुरू करतात. आमच्या भेटींमध्ये हेच ठरवलं, कोणी काय बोलायचं, कोणी गप्प बसायचं, भजनाच्या रात्री त्याने अकराला झोपायला जायचंच, शिमग्यात पालखी नाचवायला जाईल तर सोबत चुलतभाऊ असेल. देवाला गाऱ्हाणं घातलं होतं तेही आईने घाबरत सांगितलं, थेरपिस्ट म्हणाल्या घाला की, गोळी मात्र चुकवू नका. यासाठी नाइस कमीत कमी १० भेटी सांगतं, ३ महिने ते वर्षभरात. २००१ मध्ये ३६ पेशंटांवर मोटिवेशनल, सीबीटी आणि फॅमिली असं तिन्ही एकत्र करून बघितलं होतं, त्यात नशेविना गेलेले दिवस वाढले आणि एकंदर वागणं-जगणंही सुधारलं. छोटा अभ्यास आहे, पण आमच्या घरी जे झालं ते याच्या जवळचं होतं.

कॉक्रेन या जगभरचे अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेने २०१९ मध्ये ४१ अभ्यास, ४०२४ लोक एकत्र करून बघितलं तेव्हा कुठलीच एक थेरपी दुसरीपेक्षा ठळक सरस निघाली नाही. म्हणून मी निवड अशी करीन. मुलगा तयारच नाही तर मोटिवेशनल आणि जोडीला फॅमिली. तो स्वतः म्हणतोय की सोडायचंय, आवाज आटोक्यात आहेत, झोप लागते, तर सीबीटी धरा. एकच काहीतरी परवडत असेल तर फॅमिली, कारण त्यात शिकलेलं घरात राहतं.

व्यसनमुक्ती केंद्रात ठेवायचं असेल तर आधी विचारा की मानसोपचारतज्ज्ञ येतात का आणि आजाराच्या गोळ्या चालू ठेवणार का. आम्ही एका ठिकाणी ठेवलं, त्यांनी "इथे सगळ्या गोळ्या बंद" म्हणून बंद केल्या, पंधरा दिवसांत आवाज परत आले.

आणि गांजा तंबाखूत मिसळून ओढत असेल, गोळी क्लोझापिन किंवा ओलान्झापिन असेल, तर अचानक सोडायच्या आधी डॉक्टरांना सांगा. धुरामुळे या गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण कमी झालेलं असतं, धूर बंद झाला की ते वाढतं आणि माणूस दिवसभर झोपून राहतो, कधी त्रास मोठाही होतो. खरं सांगायला घाबरू नका, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात पेशंटची माहिती गुप्त ठेवायचा हक्क आहे.

माझ्या भावाचा पूर्ण सुटलेला नाहीये. रोजचं होतं ते आता महिन्यातून दोन-तीनदा आहे, आणि सकाळी मामाबरोबर मासळीच्या लिलावाला जातो, तिथे त्याच्याशी बोलणारी माणसं आहेत.

मावशी, मुलगा यायला तयार नसेल तरी पहिल्या भेटीला तुम्ही एकट्या जा, घरच्यांचं काम त्याच्याशिवाय सुरू करता येतं. तेही जमत नसेल तर १४४१६ वर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावा, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलतात.