घारापुरीला वल्हवत जायचं, तर कयाक उघडी की बंद?

गेटवेहून घारापुरी सुमारे 10 किलोमीटर. वाटेत मोठ्या जहाजांचा मार्ग आडवा येतो, त्यामुळे परवानगी आणि सोबतीला बोट असल्याशिवाय निघूच नका.

कयाक म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद, हलकी होडी. उघडी कयाक, म्हणजे जिच्या पाठीवर बसतात ती, 75-80 सेंटिमीटर रुंद, फारशी डगमगत नाही. वर आलेलं पाणी आरपार भोकांतून खाली निघून जातं. उलटलीच तर सरळ करून मधोमध पोटावर पडायचं आणि पाय मारत चढायचं. पण वेग तासाला जेमतेम 4-5 किलोमीटर. दुपारी खारा वारा सुटला, की परतताना तो तोंडावर येतो आणि दंड भरून येतात.

बंद कयाक, म्हणजे जिच्या पोटात पाय घालून बसतात ती, 5 मीटर लांब, 55-60 सेंटिमीटर रुंद. वेग 6-7 किलोमीटर. मात्र उलटली की आत पाणी भरतं, म्हणून ते उपसायला हातपंप हवाच. खरा घात होतो तो स्प्रे स्कर्टमुळे, म्हणजे पाणी आत येऊ नये म्हणून कमरेभोवती घालून बसायच्या भोकाच्या काठावर ताणून बसवतात त्या कापडामुळे. तो बसवताना, ओढून स्कर्ट सोडवायचा पुढचा पट्टा आत दुमडला जातो आणि पाण्याखाली उलटं लटकताना हाताला लागत नाही. निघण्याआधी पट्टा बाहेर आहे ना, हे चाचपून बघाच.

पहिल्या हंगामात उघडीच घ्या, तीही अष्टमीच्या आसपास, भांगाच्या भरतीला, म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं तेव्हा. उधाणात पाणी 4 मीटरहून जास्त चढतं-उतरतं आणि ओहोटीला काठावर नुसता चिखल उरतो.