पोलीस तक्रार प्राधिकरण की उच्च न्यायालय?
पोलिसांनी कोठडीत मारहाण केली किंवा नियम डावलून अटक केली, तर महाराष्ट्रात राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे दाद मागता येते. खर्च कमी. पण अहवाल सरकारकडे जातो आणि पुढची कारवाई सरकारच्याच हाती राहते.

उच्च न्यायालयातली राज्यघटनेच्या कलम २२६ ची (हक्कांच्या रक्षणासाठीची) याचिका खर्चिक खरी, पण आदेश बंधनकारक असतो आणि भरपाईही मिळू शकते. भरपाईचा हा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये पक्का केला: ओडिशातल्या नीलाबती बेहेरा यांचं पत्रच याचिका मानलं आणि कोठडीत मृत्यू झालेल्या त्यांच्या मुलासाठी सरकारला दीड लाख रुपये द्यायला लावले. म्हणून कोठडीत जिवाला धोका असेल, तर मी थेट न्यायालयच सुचवेन. कोठडीतल्या माणसाला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो.