कळ काढायला शिकवणारा वर्ग : पुण्यातील एका डीबीटी कौशल्यगटाविषयी

गेल्या वर्षी जूनच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत, गणपती आणि दिवाळीच्या सुट्ट्या वगळता, दर शनिवारी सकाळी १० ते १२.३० या वेळेत मी पुण्यातील एका खासगी मानसोपचार केंद्राच्या डीबीटी कौशल्यगटात, म्हणजे भावना हाताळण्याची कौशल्ये शिकवणाऱ्या वर्गात, जात होते. २४ सत्रांपैकी २२ सत्रांना मी हजर राहिले. केंद्राचे नाव मी लिहीत नाही, कारण गट अवघा आठ जणांचा होता आणि त्यावरून त्यातील कोणाचीही ओळख पटू नये असे मला वाटते. माझे मत आधीच सांगते. बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर (भावना आणि नाती सतत डळमळीत करणारा व्यक्तिमत्त्वविकार) असलेल्या माणसाच्या हातात हा वर्ग खरोखर काहीतरी देतो. मात्र तो एकटा पुरत नाही, आणि आपल्या भाषेत शिकायला मिळाला तरच तो अंगवळणी पडतो.

मला हाच विकार असल्याचे निदान वयाच्या ३३व्या वर्षी झाले. त्याआधी चार वर्षे मी नैराश्याच्या गोळ्या घेत होते. घरात माझ्याविषयी ‘फार मनाला लावून घेते’ असे म्हटले जाई, आणि एका नातेवाईक बाईंनी तर ‘नाटकं आहेत सगळी’ असे माझ्या तोंडावर सांगितले होते. या विकाराच्या निदानासाठी नऊ लक्षणांपैकी किमान पाच असावी लागतात. जवळचे माणूस सोडून जाईल या भीतीने आटापिटा करणे, कालपर्यंत देवासारखे वाटणारे माणूस आज वैरी वाटू लागणे, आपण नेमके कोण आहोत याचाच थांग नसणे, आतून सतत रिते वाटणे, संताप न आवरणे, स्वतःला इजा करून घेणे ही त्यांतली काही. डॉक्टरांनी यादी वाचून दाखवली तेव्हा प्रत्येक ओळीला माझ्या आयुष्यातला एकेक प्रसंग आठवत गेला. गोळ्या सोबतच्या नैराश्याला मदत करतील, पण या विकारावरचा मुख्य उपचार मानसोपचार हाच आहे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले आणि मला या गटाकडे पाठवले.

डीबीटी म्हणजे डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी. सिअ‍ॅटल येथील युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमधील मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांनी ती घडवली, आणि तिची पहिली नियंत्रित चाचणी १९९१ साली प्रसिद्ध झाली. दुसऱ्या शनिवारी आमच्या प्रशिक्षक ताईंनी लिनेहन यांच्याविषयी जे सांगितले, त्यामुळे मी पुढचे सगळे शनिवार टिकले असे मला वाटते. १९६१ साली, वयाच्या १७व्या वर्षी, लिनेहन यांना हार्टफर्ड येथील एका मनोरुग्णालयात दाखल केले होते. ५० वर्षांनी, २०११ साली, त्याच रुग्णालयात उभे राहून त्यांनी स्वतःच्या आजाराची कहाणी पहिल्यांदा जाहीरपणे सांगितली. ही पद्धत आमच्यासारख्यांकडे लांबून पाहत कोणी रचलेली नाही, ती त्यातून गेलेल्या बाईने रचली आहे, हे कळल्यावर खोलीतली हवाच बदलली.

आता वर्ग कसा चालतो ते सांगते, कारण ‘ग्रुप थेरपी’ म्हटले की गोल करून बसायचे आणि आपले दुःख सांगत रडायचे, अशी माझीही समजूत होती. येथे तसे काही नाही. खोलीत फळा आहे, प्रत्येकाची फाइल आहे आणि गृहपाठ आहे. सुरुवातीला पाच मिनिटे सजगतेचा सराव होतो. कधी श्वास मोजायचा, कधी हातात दिलेल्या चिंचोक्याकडे नुसते पाहत राहायचे. त्यानंतर तासभर आठवड्याचा गृहपाठ तपासला जातो, मग चहा, आणि उरलेल्या वेळात नवे कौशल्य. प्रशिक्षक दोघे असतात. एक जण शिकवतो आणि दुसऱ्याचे लक्ष आमच्या चेहऱ्यांवर असते. कोणी मध्येच गप्प झाले, कोणाचे डोळे भरले, तर ते उठून शेजारी येऊन बसतात. गृहपाठ केला नसेल तर कोणी रागावत नाही, पण सुटकाही नसते, कारण तो कुठे अडला हे सर्वांसमोर पायरी-पायरीने शोधावे लागते. स्वतःला केलेल्या इजेचे तपशील गटात सांगायचे नाहीत, हा पक्का नियम आहे. सुरुवातीला तो मला कोरडा वाटला, पण एकाचे ऐकून दुसऱ्याच्या मनात तीच ऊर्मी उठू शकते हे आठवड्याभरातच माझ्या ध्यानात आले. सलग चार सत्रे चुकली की नाव कमी होते. अभ्यासक्रमाचे चार भाग आहेत: सजगता, त्रास सहन करण्याची कौशल्ये, भावनांचे नियमन आणि माणसांशी वागण्याची परिणामकारकता. पैकी सजगतेची दोन सत्रे उरलेल्या प्रत्येक भागाआधी पुन्हा घेतली जातात.

त्रास सहन करण्याचा भाग मला सर्वांत आधी उपयोगी पडला. त्यातले एक कौशल्य शरीराच्या तापमानाशी संबंधित आहे. भावनेचा कडेलोट होत असताना थंडगार पाण्याने भरलेल्या पसरट भांड्यात श्वास रोखून अर्धा मिनिट चेहरा बुडवायचा, म्हणजे हृदयाचे ठोके मंदावतात आणि शरीर आपोआप शांत होऊ लागते. वर्गात आम्ही स्टीलच्या परातीत बर्फ टाकून हे करून पाहिले. मी डोके वर काढले तेव्हा केसांतून पाणी ओघळत होते आणि गेल्या कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच माझ्या डोक्यात एकही विचार नव्हता. हृदयविकार किंवा खाण्यासंबंधीचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये, अशी सूचना प्रशिक्षकांनी आधी दिली आणि प्रत्येकाला वेगळे विचारून खात्रीही करून घेतली. ही दक्षता मला फार मोलाची वाटली. परातीने प्रश्न सुटत नाही, हेही त्यांनी लपवले नाही. तिच्यामुळे फक्त पुढची वीस मिनिटे आपल्या हातून अधिक बिघडत नाहीत. पण माझ्या आयुष्यातले बहुतेक नुकसान अशा वीस मिनिटांतच झालेले आहे.

गटाची खरी ताकद मला ऑगस्टमध्ये कळली, साखळी-विश्लेषणाच्या दिवशी, म्हणजे एखादा प्रसंग कसा घडत गेला ते कडी-कडीने उलगडून पाहण्याच्या दिवशी. त्या आठवड्यात बुधवारी रात्री मी नाशिकला दादाला फोन लावला होता आणि त्याने उचलला नव्हता. दीड तासात मी त्याला ३१ वेळा फोन केले, मग ‘मला पुन्हा कधीही फोन करू नकोस’ असा मेसेज पाठवून त्याचा नंबर ब्लॉक केला आणि रात्रभर जागी राहिले. त्याचा फोन चार्जिंगला होता आणि तो खाली सोसायटीच्या बैठकीत बसला होता. गृहपाठाच्या कागदावर मी कारण म्हणून एकच ओळ लिहिली होती: ‘दादाने फोन उचलला नाही.’ ताईंनी फळ्यावर ती ओळ मधोमध लिहिली आणि विचारले, “त्या दिवशी दुपारी काय खाल्लंत?” मला उत्तर सापडेना. मग आठवले की बँकेत ऑडिट सुरू होते, डबा न उघडताच घरी परत आला होता, आणि आदल्या रात्री मी जेमतेम चार तास झोपले होते. ते सगळे फळ्यावर डावीकडे गेले. उजवीकडे एकेक कडी जुळत गेली: तिसऱ्या रिंगला छातीत आलेला आवळ, ‘मी त्याला नकोशी झाले आहे’ हा विचार, तो विचार म्हणजे वस्तुस्थितीच आहे अशी पटलेली खात्री, मग फोन, पुन्हा फोन. शेवटी ताईंनी विचारले की यातली कोणती कडी तोडणे सर्वांत सोपे होते. मी रागावर बोट ठेवणार होते, तेवढ्यात कोपऱ्यातला एक मुलगा, जो तोवर फारसा बोललाच नव्हता, म्हणाला, “डबा.” त्या एका शब्दात जी समज होती ती मला एकटीला डॉक्टरांसमोर बसून मिळाली नसती. हे त्याने स्वतःच्या अनुभवावरून ओळखले होते, आणि सांगताना त्याच्या आवाजात उपदेश नव्हता.

आता भाषेविषयी. या बाबतीत केंद्राने फार कमी विचार केला आहे. प्रशिक्षक मराठीत बोलतात, पण सगळी कार्यपत्रे इंग्रजीत आहेत, आणि आठ जणांपैकी तिघांना ती नीट वाचता येत नव्हती. शब्दांचा प्रश्न येथे वरवरचा नाही. ‘डिस्ट्रेस टॉलरन्स’ हा शब्द पाच शनिवार आमच्या कानांवरून जात होता. सहाव्या शनिवारी गटातल्या सर्वांत मोठ्या काकू म्हणाल्या, “म्हणजे कळ काढायची, एवढंच ना?” आणि तो भाग एका क्षणात आमचा झाला. कळ काढणे यात दुखते आहे हेही मान्य आहे आणि ते ओसरेल हेही गृहीत आहे. याउलट भावनांच्या नियमनाला कार्यपत्रावर कोणी तरी पेन्सिलीने ‘भावना आवरणे’ असे लिहून ठेवले होते, आणि तिथे घोटाळा झाला. ‘आवर स्वतःला’ हे तर आम्ही जन्मभर ऐकत आलो आहोत. या भागात आवरायला शिकवतच नाहीत. भावनेला नाव द्यायचे, ती प्रसंगाला धरून आहे का ते तपासायचे, आणि नसेल तर ती जे करायला सांगते त्याच्या उलट कृती पूर्ण मनाने करायची, असे शिकवतात. हा फरक स्पष्ट होईपर्यंत दोन सत्रे खर्ची पडली. विवेकनिष्ठ मानसोपचाराला, म्हणजे आपले अविवेकी विचार तपासून बदलायला शिकवणाऱ्या पद्धतीला, मराठीत उत्तम परिभाषा लाभली आहे. डीबीटीलाही तशी मिळायला हवी, आणि हे काम अशा केंद्रांनी अंगावर घ्यायला हवे.

माणसांशी वागण्याच्या भागाला पाचच सत्रे मिळाली. ती मला अपुरी वाटली, कारण आमच्यापैकी बहुतेकांची पडझड नात्यांतच झालेली होती. तरी एक सराव लक्षात राहिला. गटातल्या एका बाईंना दादा करून मी मागणी मांडली: आधी घडलेले सांगायचे, मग मला काय वाटते ते, मग नेमके काय हवे ते, आणि त्यातून त्याचेही काय बरे होईल ते. तीन वेळा माझा आवाज चढला आणि तिन्ही वेळा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. त्या रविवारी मी खऱ्या दादाला म्हणाले, “दादा, तू फोन उचलला नाहीस की मला घाबरायला होतं. ‘नंतर करतो’ एवढाच मेसेज टाकशील का? मग मी पुन्हा पुन्हा फोन करणार नाही.” तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “एवढंच? टाकतो की.” तो बहुतेक वेळा टाकतो. विसरतो तेव्हा मी चार-पाच फोन करते आणि थांबते.

माझी सर्वांत गंभीर तक्रार फोनविषयी आहे. संपूर्ण डीबीटीत गटाबरोबर दर आठवड्याची वैयक्तिक थेरपी आणि अडचणीच्या क्षणी थेरपिस्टला फोन करण्याची सोय हे दोन्ही अभिप्रेत आहे. या केंद्रात वैयक्तिक थेरपीचे शुल्क वेगळे आहे आणि फोनची सोय मुळीच नाही. फक्त वेळापत्रकासाठी एक व्हॉट्सअ‍ॅप गट आहे आणि त्यावर कार्यालयीन वेळेतच उत्तर मिळते. नाव नोंदवताना हे कोणी सांगितले नव्हते. ऑक्टोबरमधल्या एका रात्री परात झाली, श्वास मोजून झाला, तरी मला स्वतःची भीती वाटत होती. शेवटी मी १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन केला. मानसिक आरोग्यासाठीचा हा सरकारी मदत-क्रमांक विनामूल्य आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येते. पलीकडच्या बाईंनी माझे शांतपणे ऐकून घेतले आणि ती रात्र निभावली. पण माझी साखळी, माझी कौशल्ये त्यांना कशी ठाऊक असणार? २०१५ साली लिनेहन आणि सहकाऱ्यांनी ९९ स्त्रियांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात संपूर्ण डीबीटी, फक्त कौशल्यगट आणि फक्त वैयक्तिक थेरपी असे तीन गट होते. आत्महत्येचे प्रयत्न तिन्ही गटांत कमी झाले, आणि स्वतःला इजा करण्याचे प्रमाण कौशल्ये शिकलेल्यांमध्ये अधिक घटले. केंद्राच्या माहितीपत्रकात याचा आधार घेऊन ‘कौशल्यगट पुरेसा आहे’ असे सुचवले आहे, ते मला पटत नाही. त्या अभ्यासात ज्यांना डीबीटीची वैयक्तिक थेरपी नव्हती, त्यांच्यासाठीही लक्ष ठेवणारा एक माणूस नेमलेला होता. आम्हाला तसे कोणी नव्हते.

शुल्क प्रत्येक सत्राला १,००० रुपये, म्हणजे एकूण २४,००० रुपये, दोन हप्त्यांत आगाऊ. चुकलेल्या सत्राचे पैसे परत मिळत नाहीत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांसारखेच संरक्षण द्यायचे आहे, पण माझ्या पॉलिसीत रुग्णालयात दाखल न होता घेतलेला कोणताच उपचार बसत नसल्यामुळे सगळा खर्च मलाच करावा लागला. आठांपैकी दोघे मध्येच थांबले, त्यांतल्या एकीचे कारण पैसे हेच होते, आणि तिची रिकामी खुर्ची पाहून मला फार वाईट वाटे. कुटुंबीयांसाठी एकच सत्र झाले, तेही पाऊण तासाचे. माझी आई आली होती. परतताना रिक्षात ती म्हणाली, “मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी तुला एवढं बोलले नसते.” कुटुंबीयांसाठी अशी चार सत्रे ठेवली तर त्यासाठी जास्तीचे पैसे द्यायला मी तयार आहे.

नाव नोंदवणाऱ्यांनी तीन गोष्टी आधी विचाराव्यात: रात्री-अपरात्री कोणाला फोन करायचा, वैयक्तिक थेरपी कोण देणार आणि तो थेरपिस्ट डीबीटी शिकलेला आहे का, आणि कागद कोणत्या भाषेत मिळणार. गृहपाठ करायला रोज वीस मिनिटे निघणार नसतील तर एवढ्यात पैसे भरू नयेत. आणि सध्याच जिवाला धोका वाटत असेल तर आधी मनोविकारतज्ज्ञाकडे जावे, गटाची वाट पाहू नये.

२४ सत्रांचा हा क्रम पुन्हा एकदा करून वर्ष पूर्ण करण्याची पद्धत आहे, आणि मी दुसऱ्या फेरीसाठी नाव दिले आहे. दरम्यान मी डायरी कार्ड मराठीत उतरवायला घेतले. रोज रात्री प्रत्येक भावनेसमोर ० ते ५ पैकी एक आकडा लिहायचा असतो. राग, दुःख, भीती, आनंद हे रकाने सहज झाले. ‘शेम’ या रकान्याशी अडले. ‘लाज’ लिहावे तर लाज असणे आपल्याकडे चांगले समजतात, आणि ‘अपराधीपणा’ ही वेगळी भावना आहे, तिचा रकाना शेजारीच आहे. काकूंना फोन करून विचारले. त्या म्हणाल्या, “‘तोंड लपवावंसं वाटणं’ असं लिही.” रकाना थोडा रुंद करावा लागला. ताईंनी ते कार्ड पाहिले आहे, आणि पुढच्या तुकडीला पहिल्या शनिवारी तेच देणार आहेत.