हवा भरायची कॅनू, ११ महिने वापरून: नाव चांगली, पट्टा रद्दी

काल या नावेच्या पिशवीचा पट्टा पुन्हा तुटला. आधी डावा, आता उजवा, शिवण तीच. म्हणून आज लिहायला बसलो, नाहीतर धानाच्या मळणीच्या दिवसांत मला एवढी फुरसत नसते.

मागच्या साली धानाचे चुकारे हातात पडले त्या आठवड्यात मी आणि माझ्या मामेभावाने अर्धे-अर्धे पैसे घालून ही दोन माणसांची, पीव्हीसीची, हवा भरायची कॅनू मागवली. १९ हजार रुपये. आमच्याकडे एवढ्यात बरी दुभती म्हैस मिळत नाही हे खरं, पण शेळ्या दोन-तीन सहज आल्या असत्या. घरच्यांना सांगताना मी म्हटलं होतं की गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावात शिंगाड्याच्या कामालाही येईल. तशी आलीही. पण घेतली होती ती वैनगंगेसाठी. पवनीच्या घाटावरून नाव टाकायची, वडसा ओलांडायचं आणि आरमोरीला काढायची. चार दिवस, तीन रात्री, सगळं सामान नावेत. लहानपणापासून पुलावरून नदी पाहत आलो. एकदा तिच्यावरूनच जायचं होतं.

लांबी, रुंदी, भार किती पेलते ते सगळं विकणाऱ्याने लिहिलेलंच असतं, त्यात मी जात नाही. एक आकडा मात्र खोटा आहे. वजन १६ किलो लिहिलंय. पिशवीत पंप, सीट आणि नावेच्या तळाला लावायचं फिन घालून आमच्या धानाच्या काट्यावर ती १९ किलो ४०० ग्रॅम भरली. साडेतीन किलोंचा फरक घरात कळत नाही, रेतीत कळतो.

आता पट्ट्याचं. नदीवरच्या अशा प्रवासात दिवसभर वल्हं मारायचं आणि रात्री तंबू ठोकायचा एवढंच लोकांना वाटतं. खरी मेहनत नाव पाण्याबाहेर असते तेव्हाची. कॅनडाच्या ॲल्गोन्क्विन पार्कात एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात नाव उचलून न्यायच्या वाटा ठरलेल्या आहेत, पिवळ्या पाट्या लावलेल्या, नकाशावर अंतर मीटरमध्ये लिहिलेलं. मुक्कामाच्या जागांना नारिंगी पाट्या. आपल्याकडे पाटी नाही. जानेवारीत वैनगंगा अर्धी रेती असते. कुठे पाणी घोट्याएवढं, कुठे रेतीघाटाच्या गाड्यांसाठी टाकलेला कच्चा रस्ता आडवा, कुठे खडकाची पाथर. चार दिवसांत आम्हाला सात ठिकाणी नाव उचलावी लागली. सगळ्यात लांबची उचल चारशे मीटरच्या आसपास.

या उचलीचा हिशोब आम्ही घरून केलाच नव्हता. सामान दोन फेऱ्यांत न्यायचं म्हटलं तर चारशे मीटरचे चारशे राहत नाहीत: एक ओझं नेऊन ठेवा, रिकामे परत या, दुसरं न्या. बाराशे मीटर झाले, तेही भुसभुशीत रेतीतून. म्हणून नियोजनात आधी किलोमीटर मोजू नका, आधी फेऱ्या मोजा. सगळं सामान एका फेरीत गेलं तर प्रवास चार दिवसांत होतो, दोन फेऱ्या लागल्या तर पाचवा दिवस धरा आणि पाचव्या दिवसाचे तांदूळही.

एका फेरीत न्यायचं तर नावेची पिशवी पाठीवर नीट बसली पाहिजे. आणि पिशवीचा पट्टा कसा शिवलेला? दोन बोटं रुंद पट्टी, तिला एकच आडवी शिवण. बस. कोणत्याही शाळकरी पोराच्या दप्तराला चौकोन आणि मध्ये फुली अशी शिवण असते. १९ हजारांच्या वस्तूला नाही. पहिल्याच दिवशी, तिसऱ्या उचलीला, डाव्या खांद्यावर टर्र असा आवाज आला आणि पिशवी पाठीवरून फिरून माझ्या गुडघ्यावर आली. पुढचे दोनशे मीटर आम्ही ती दोघांनी प्रेतासारखी उचलून नेली.

घरी आल्यावर तक्रार केली. विकणाऱ्यांनी आधी फोटो मागितला, मग व्हिडिओ, मग म्हणाले अख्खी नाव मूळ खोक्यात घालून पाठवा. पट्ट्यासाठी अख्खी नाव! कुरिअरवाला आमच्या गावात येत नाही, तालुक्याला नेऊन द्यायची, खर्च माझा. तीन आठवड्यांनी उत्तर आलं की पट्टा म्हणजे वापराने होणारी झीज, वॉरंटीत बसत नाही. हवी तर नवी पिशवी २४०० रुपयांना घ्या. झीज! तीन उचलींत कसली झीज? पैशापेक्षा मला त्या शब्दाचा राग आहे. शेवटी आठवडी बाजारात चपला शिवणाऱ्या काकांनी आतून चामड्याचा तुकडा लावून मेणाच्या दोऱ्याने ४० रुपयांत शिवून दिलं. त्यांची शिवण आजही शाबूत आहे. काल तुटला तो दुसऱ्या बाजूचा, कंपनीच्या शिवणीचा.

इथपर्यंत वाचून घेऊ नका असंच मी म्हणतोय असं वाटेल. पहिल्या दिवशी संध्याकाळी मीही तेच म्हणत होतो. त्या रात्री एका घाटावर महादेवाच्या देवळापाशी उतरलो. सकाळी एक ढिवर (मासेमार) आजोबा जाळं घेऊन आले, आमची उचलाउचल बराच वेळ पाहत उभे राहिले आणि म्हणाले, “काऊन बाप्पा, पाठीवर काऊन घेऊन राहिले? कावड करा नं.”

मी म्हटलं, आमच्याकडे कावड कुठली. ते घरी गेले, हिरवा नाही असा, मधे जाड आणि टोकांना निमुळता बांबू घेऊन आले, माझ्याच नायलॉन दोरीची दोन शिंकी करून दिली. एका बाजूला नावेची पिशवी, १९ किलो. दुसऱ्या बाजूला तंबू, अंथरूण, भांडी आणि तांदूळ-डाळ, २० किलो. मोकळ्या माणसाने पाण्याचे डबे आणि वल्ही घ्यायची. ओझं उचललं तेव्हा खांदा दबला, पण चालायला लागल्यावर बांबू पावलाच्या तालावर लवायला लागला. तो वर उसळतो तेव्हा पाऊल पुढे पडतं, खाली येतो तेव्हा पाऊल टेकलेलं असतं. आजोबा मागून ओरडले, “हळू नोका चालू, झपझप चाला!” आणि खरंच, हळू चाललं तर ते ओझं जास्त लागतं. शंभर पावलांवर खांदा बदलायचा, दोनशेवर माणूस.

उरलेल्या उचली सगळ्या एका फेरीत झाल्या. मी बांबूचे पैसे देऊ लागलो तर घेतले नाहीत, परत आल्यावर टरबुजाच्या वाडीत येऊन जा म्हणाले. फेब्रुवारीत गेलो होतो.

म्हणून आता माझं मत असं, की या नावेत काहीही पाठीवर घ्यायचंच नाही. पिशवीच्या पट्ट्यावर विसंबू नका, कावड करा. तोच बांबू पाण्याची खोली चाचपायलाही येतो. रेती काढलेल्या ठिकाणी घोटाभर पाण्यातून दुसऱ्या पावलाला छातीभर डोह लागतो, तिथे उतरून नाव ओढायच्या आधी बांबू घाला.

नाव पाण्यावर कशी आहे ते थोडक्यात. वळते सहज, भरल्यावरही हलकी. दुपारी वारा सुटला की मात्र पानासारखी फिरते, कारण हवेची नाव पाण्यात कमी आणि वाऱ्यात जास्त असते. फिन लावलं तर सरळ चालते, पण उथळ पाण्यात तेच फिन रेतीत रुततं. आम्ही सकाळी सहापासून अकरापर्यंतच पल्ला मारायचो आणि दुपार किनाऱ्यावर काढायचो. नदीच्या मधोमध ढिवरांची जाळी आडवी लावलेली असतात, तरंगणाऱ्या थर्माकोलच्या तुकड्यांवर नजर ठेवा. जाळं फाटलं तर ते त्यांच्या पोटावर येतं.

पंक्चर एकदाच झालं, बाभळीच्या काट्याने, आमच्याच तलावाच्या पाळीवर. इथे मी चूक केली. सायकलच्या दुकानातून रबराचं सोल्युशन आणून ठिगळ लावलं, सकाळी ते साल निघावी तसं निघून आलं. ते सोल्युशन रबरी ट्यूबसाठी असतं, पीव्हीसी धरत नाही. नळाच्या पाइपचं सोल्युशनही नको, ते वाळून कडक होतं आणि नाव गुंडाळली की तडकतं. नावेसोबत आलेली पीव्हीसीची लवचिक गोंदाची ट्यूब जपून ठेवा. ठिगळाचे कोपरे गोल कापा, दोन्ही बाजू पुसून गोंद लावा आणि २४ तास हवा भरू नका.

आणि उन्हाळ्याबद्दल लिहिलंच पाहिजे, कारण हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मे महिन्यात सकाळी गारव्यात ३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भरून नाव तलावाच्या पाळीवर ठेवली आणि जेवायला गेलो. परत आलो तर शिवणी फुगून चकाकत होत्या, हात लावला तर दगड. पंपाच्या काट्यावरचे ३ म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा ३ जास्त. आतला पूर्ण दाब साडेसतरा-अठराच्या घरात असतो. उन्हात काळपट पीव्हीसी ६० अंशांपर्यंत तापलं की तो पूर्ण दाब आठवा हिस्सा वाढतो, आणि काट्यावर ३ चे ५ होतात. विदर्भाच्या मे महिन्यात नाव सावलीत ठेवा, नाहीतर हवा अर्धी सोडून जा. उलट थंड पाण्यात टाकल्यावर ती जराशी मऊ पडते, ते गळतीमुळे नव्हे. मी आधी तासभर साबणाचा फेस लावून भोक शोधत बसलो होतो.

मुक्कामाबद्दल. मोकळी रेती झोपायला मऊ, पण तिथे झोपू नका. वर गोसीखुर्दचं धरण आहे, पाणी सोडलं तर खालची पातळी रात्रीतून बदलते. काठावर जिथे सुकलेल्या काडीकचऱ्याची रेघ दिसते तिथवर पाणी येऊन गेलेलं असतं. तंबू त्या रेघेच्या वर. रेतीत खुंटी धरत नाही, म्हणून रिकाम्या चुंगड्या (पोती) न्या, रेती भरून पुरा आणि तंबूची दोरी त्यांना बांधा. ब्रह्मपुरीच्या बाजूला जंगल काठाला भिडलेलं आहे आणि वाघ राखीव क्षेत्राबाहेरही फिरतात. आम्ही एकही रात्र जंगलाकडेला काढली नाही. गावाचा घाट गाठायचा, पोलीस पाटलांना सांगायचं, देवळाजवळ उतरायचं. सगळीकडे कोणी ना कोणी चहा आणून दिला. एका ठिकाणी रात्री भाकरी आणि सुकटीची चटणीही.

हवेच्या नावेचा सगळ्यात मोठा फायदा प्रवास संपल्यावर कळतो. आरमोरीला नाव काढली, हवा सोडली, गुंडाळली आणि एसटीत बसलो. कंडक्टरने लगेजचे पैसेही घेतले नाहीत. लाकडी डोंगा असता तर ट्रॅक्टर बोलवावा लागला असता.

पावसाळ्यात ती घरात धानाच्या पोत्यांशेजारी ठेवू नका, उंदीर पीव्हीसीही कुरतडतात. मी गोठ्याच्या आढ्याला टांगली, आणि काल खाली काढताना पट्टा तुटला तो तिथेच.

यंदा मळणी उरकली की याच नदीने आणखी खाली, मार्कंड्यापर्यंत जायचा विचार आहे. वाटेतल्या चिचडोहच्या बॅरेजपाशी (बंधाऱ्यापाशी) उचल लांबची आहे, तिथली वाट मी आणि मामेभाऊ या रविवारी मोटारसायकलवर जाऊन पायांनी मोजून येणार आहोत. बांबू तोच आहे. पिशवीचा दुसरा पट्टाही काकांकडे शिवायला टाकलाय, आणखी ४० रुपये.