ऑइल खाणारी जुनी गाडी: भरत राहायचं, इंजिन करायचं की विकायची?

१५-१८ वर्षांची स्कॉर्पिओ, बोलेरो, सुमो, टवेरा किंवा त्याहूनही जुनी क्वालिस. सकाळी एका सेल्फला चालू होते, आंबा घाट विनातक्रार चढते, पण ऑइल खाते. मिस्त्री म्हणतो इंजिन खोलूया, भावोजी म्हणतात काढून टाका एकदाची, आणि घरातलं मत असतं की गणपती होऊ देत, मग बघू. यातलं कुणाचं ऐकायचं ते तीन गोष्टींवर ठरतं: हजार किलोमीटरला किती ऑइल जातं, कुठून जातं, आणि गाडीची चासी किती शिल्लक आहे. देवगड, मालवण, वेंगुर्ले, गुहागर अशा किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी तिसरी गोष्ट पहिली धरावी. बहुतेक जण ती इंजिनाचं बिल चुकतं केल्यावर बघतात.

आधी गाडीच्या खाली शिरा

खाऱ्या हवेने आणि चार महिन्यांच्या पावसाने इंजिनाच्या कितीतरी आधी चासी खाल्लेली असते. गाडी पिटवर घ्या आणि जुना स्क्रूड्रायव्हर घेऊन चासीचा मागचा भाग, बॉडी जिथे चासीवर बसते त्या जागा, फूटबोर्डची आतली बाजू आणि ब्रेकचे पाइप तपासा. लोखंडाने टणक आवाज दिला तर प्रश्न नाही. वरवर काळा रंग दिसतोय, पण टोचल्यावर पापुद्रे सुटतात आणि टोक आत जातं, असं झालं तर पुढची निम्मी चर्चा तिथेच संपली. अशा गाडीच्या इंजिनावर मोठा खर्च करू नका. चासीवर पट्ट्या मारून वेल्डिंग करून देणारे भेटतात, पण स्टिअरिंग बॉक्स किंवा सस्पेन्शन जिथे अडकवलेलं असतं तिथला गंज पट्टीने भागत नाही.

खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, नंतर फिटनेस करून दर वेळी ५ वर्षांनी वाढवून घ्यावं लागतं. त्यामुळे रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गच्या आरटीओत पुढची तारीख कधी आहे, हेही याच वेळी आरसी काढून बघून घ्या. वर्षभरात फिटनेस आहे आणि चासी गेलेली आहे, अशा गाडीत नवीन रिंगा (पिस्टनभोवतीच्या कड्या) टाकणं म्हणजे पडक्या घरावर नवी कौलं चढवणं.

किती जातं ते मोजा, अंदाज नको

‘महिन्याला लिटरभर लागतं’ या वाक्यावरून काहीच कळत नाही, कारण महिन्यात गाडी ३०० किलोमीटर फिरली की ३,००० हे त्यात नाही. शिवाय आपल्याकडे सपाट जागाच कुठे मिळते! उतारावर उभ्या गाडीत ऑइल मोजायची काठी बघितली की एकदा ऑइल जास्त दिसतं, एकदा कमी. पेट्रोल पंपाच्या आवारात किंवा स्टँडजवळच्या मैदानात गाडी उभी करा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा आणि काठीवरच्या वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरा. खुणेच्या वर नको. जास्त भरलेलं ऑइल क्रँक फेसाळून टाकतो, ते ब्रिदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या पाइपातून) इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या वाटेत, ओढलं जातं, आणि मग गाडी ऑइल खाते म्हणून आपणच ओरडतो. किलोमीटर लिहून ठेवा, हजार झाल्यावर त्याच जागी परत या आणि वरच्या खुणेपर्यंत किती लागलं ते मापाने बघा.

बऱ्याच कंपन्यांच्या पुस्तिकांत हजार किलोमीटरला अर्धा ते एक लिटरपर्यंतचा वापर चालण्यासारखा धरलेला असतो. जुन्या डिझेलला एवढी मुभा द्यायला हवी. उलट काठीवरची पातळी वाढत असेल तर आनंद मानू नका. ऑइलचा वास घ्या. डिझेलचा वास आला तर नोझल किंवा पंपातून डिझेल चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या डब्यात) उतरतंय, आणि ते बेअरिंगांना ऑइल खाण्यापेक्षाही वाईट. ऑइल ताकासारखं दिसलं तर पाणी मिसळतंय. ही दोन्ही दुखणी वेगळी आहेत, आणि ती असताना गाडी चालवत राहायची नाही.

गळतंय की जळतंय?

गळती असेल तर खर्च कमी, म्हणून ती आधी शोधायची. इंजिन खालून धुऊन घ्या आणि रात्री खाली पुठ्ठा अंथरा. सकाळी पुठ्ठा कोरडा असला म्हणजे गळती नाही असं मात्र नव्हे. काही सील फक्त इंजिन चालू असताना, दाबाखाली गळतात. अशा गाडीच्या पोटाला पुढून मागेपर्यंत तेलकट धूळ चिकटलेली असते. टॅपेट कव्हरचं पॅकिंग, क्रँकचं मागचं सील, टर्बोला (इंजिनात जास्तीची हवा दाबणाऱ्या पंख्याला) ऑइल नेणारा पाइप या नेहमीच्या जागा. किनाऱ्यावर आणखी एक: पत्र्याचा चेंबर गंजून घाम सुटल्यासारखा पाझरतो. आणि टवेरा, क्वालिस यांसारख्या जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्युम पंप अल्टरनेटरच्या मागेच बसवलेला असतो, त्याला इंजिनाचंच ऑइल जातं. त्याचं सील गेलं की अल्टरनेटर ऑइलने भिजतो. चार्जिंगची तक्रार आणि ऑइलची तक्रार एकदमच आली असेल तर आधी तिथे हात लावून बघा.

गळती सापडली नाही तर ऑइल जळतंय. आता धूर कधी येतो ते बघायचं. कुडाळकडच्या एका मिस्त्रींची पद्धत मला पटते. गिऱ्हाईक बोलायला लागलं की ते एकच विचारतात, ‘धूर कधी मारता? सकाळी, काय चढणीर?’ सकाळी चालू करताना निळसर धुराचा एक भपका येऊन नंतर साफ होत असेल, तर संशय वॉल्व्ह सीलवर. रात्रभरात वरचं ऑइल थेंबथेंब खाली उतरलेलं असतं. चढणीवर, लोड असताना मागे सतत निळा पडदा राहत असेल तर रिंगा किंवा टर्बो. काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही, त्याचा ऑइलशी थेट संबंध नाही. काळ्या धुरापायी उगाच इंजिन खोललेल्या गाड्या मी बघितल्या आहेत.

मग हे मिस्त्री बॉनेट उघडतात, इंजिन चालूच ठेवून ऑइल भरायचं झाकण फिरवून नुसतं तोंडावर ठेवतात आणि बघत राहतात. झाकण जागच्या जागी थरथरलं तर ठीक. ते नाचून बाजूला पडलं आणि तोंडातून भकाभका वाफारा आला, तर कम्प्रेशन रिंगांवरून खाली चेंबरमध्ये निसटतंय. तरीही लगेच रिंगांवर शिक्का मारायचा नाही. ब्रिदरचा पाइप चोंदलेला असला तरी हेच दिसतं. पाइप काढून साफ करायचा आणि झाकण परत ठेवून बघायचं. अर्ध्या तासाचं काम आहे, पण ते न करता टर्बो बदलले जातात. चेंबरमध्ये दाब साठला की टर्बोतलं ऑइल खाली उतरू शकत नाही आणि सीलवरून इनटेकमध्ये ढकललं जातं. ब्रिदर तसाच चोंदलेला ठेवून टर्बो बदला, नवा टर्बोही तेच करील.

टर्बोची खात्री इंटरकूलरचा (टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या जाळीचा) पाइप काढून होते. आत ऑइलचा पातळ हात फिरलेला असणं नेहमीचं, पण पाइप वाकडा केल्यावर धार लागली तर टर्बो गेला. अशी गाडी तशीच चालवू नका. डिझेल इंजिन इनटेकमधून आलेलं ऑइलच इंधन म्हणून जाळायला लागलं की चावी बंद करूनही थांबत नाही, उलट आवाज चढत जातो. तशी वेळ आलीच तर ब्रेक दाबून धरा, वरचा गिअर टाका आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडा.

शेवटी कम्प्रेशन टेस्ट. ग्लो प्लग काढून प्रत्येक सिलिंडर मोजायचा. आकडा किती यापेक्षा चारांतला एक बाकीच्यांपेक्षा किती खाली आहे, ते जास्त बोलतं. पेट्रोल इंजिनात चमचाभर ऑइल ओतून परत मोजतात, तो प्रकार डिझेलमध्ये करू देऊ नका.

भरत राहणं विरुद्ध इंजिन काम

हिशेब मांडून बघा. समजा गाडी वर्षाला १०,००० किलोमीटर फिरते, हजारी एक लिटर ऑइल खाते आणि लिटरला ४५० रुपये पडतात. वर्षाचे ४,५०० रुपये झाले. समोर हाफ इंजिनाचं (इंजिन न उतरवता रिंगा बदलण्याचं) कोटेशन समजा ६०,००० चं आहे. त्या पैशांत १३ वर्षं ऑइल भरता येईल, आणि तेवढी वर्षं ती चासी टिकणार नाही. म्हणून हजारी एक लिटरपर्यंत मी तरी इंजिन खोलणार नाही. डिकीत ऑइलचा डबा ठेवीन.

हेच प्रमाण ३०० किलोमीटरला एक लिटर झालं की गणित पालटतं. वर्षाला ३३ लिटर, म्हणजे जवळपास १५,००० रुपये. पण इथे पैशांपेक्षा धोका मोठा. ऑइलचा लाल दिवा दाब गेल्यावर लागतो, पातळी घटल्यावर नाही. कमी ऑइलवर करूळ किंवा आंबोलीच्या वळणात गाडी घातली की चेंबरमधलं ऑइल एका बाजूला जातं, पंपाची जाळी उघडी पडते आणि दिवा क्षणभर लुकलुकतो. तो ‘लूज कनेक्शन’ म्हणून सोडून दिला की काही दिवसांत बेअरिंग वाजतं. मग ६०,००० चं काम राहत नाही, क्रँकपर्यंत जातं. भरत राहायचं ठरवलं असेल तर दर डिझेलला काठी बघायची सवय हवी. ती नसेल, किंवा गाडी ड्रायव्हरच्या हातात असेल, तर हा पर्याय तुमच्यासाठी नाही.

जाड ऑइल टाकून बघू, हा सल्ला जुन्या बोलेरो-सुमोला थोडाफार लागू पडतो. १५डब्ल्यू-४० च्या जागी २०डब्ल्यू-५० टाकलं तर किनाऱ्यावरच्या उष्ण हवेत चालून जातं. पण पुस्तिकेत पातळ सिंथेटिक ऑइल लिहिलंय अशा इंजिनांत हा प्रयोग नको. आणि वर्षानुवर्षं मळी साठलेल्या इंजिनात फ्लश ओतायचा मोह टाळा. सुटलेली मळी पंपाच्या जाळीत जाऊन बसते.

वॉल्व्ह सील, हाफ इंजिन, फुल इंजिन

फक्त वॉल्व्ह सील गेली असतील तर बऱ्याच इंजिनांत हेड न काढता, सिलिंडरमध्ये हवा भरून वॉल्व्ह वर धरून ती बदलता येतात. खर्च आणि गुण यांचा सगळ्यात चांगला मेळ इथे आहे. पण वॉल्व्ह ज्यांत सरकतात त्या गाईडच ढिल्या झाल्या असतील तर नवी सीलही फार टिकत नाहीत, तेव्हा वॉल्व्ह हलवून बघायला सांगा.

हाफ इंजिन म्हणजे ब्लॉक गाडीतच ठेवून हेड आणि चेंबर काढायचे, पिस्टन बाहेर घेऊन रिंगा आणि कनेक्टिंग रॉडची बेअरिंगं बदलायची, हेडचं काम करून परत बसवायचं. फुल म्हणजे इंजिन खाली उतरवून बोअर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ते भोक) किंवा लायनर, ओव्हरसाइज पिस्टन, क्रँक ग्राइंडिंग, सगळंच. हाफ स्वस्त आणि लवकर होणारं. पण त्यात एक मेख आहे. बोअर झिजून लंबगोल झालेला असेल तर नव्या रिंगा त्यात बसतच नाहीत, आणि गाडी पुन्हा तेवढंच ऑइल प्यायला लागते. मिस्त्री बोट फिरवून ‘बोअर चांगला आहे’ म्हणाला तर त्यावर जाऊ नका. बोअर गेजने वर, मध्ये, खाली, आडवं-उभं मापून आकडे लिहून घ्या. बोअरवर होनिंगच्या तिरप्या रेषा अजून दिसत असतील आणि वरच्या कडेला नखाला ओठ लागत नसेल तर हाफ पुरतं. ओठ लागला तर मशीन शॉप गाठायलाच हवं, आणि मग हाफवर थांबण्यात अर्थ नाही.

या मशीन कामासाठी आपल्याकडची बरीच गॅरेजं ब्लॉक घाटावर, कोल्हापूरच्या उद्यमनगरला पाठवतात. हात तिथले चांगले आहेत, पण ब्लॉक जाऊन येईपर्यंत गाडी गॅरेजच्या आवारात उघडी पडते. जून-जुलैत हे काम काढू नका. ब्लॉक तिकडे आणि इकडे उघड्या क्रँकवर गंजाची साय, असं होतं. गणपतीनंतर काढलेलं काम आंब्याच्या हंगामाआधी आरामात हाताशी येतं.

रिंगा का झिजल्या हेही शोधा, नाहीतर नव्याही तशाच जातील. चिऱ्याच्या खाणीच्या वाटेवर रोज फिरणाऱ्या गाडीत एअर फिल्टरच्या डब्याची क्लिप ढिली आणि फिल्टरपुढचा रबरी पाइप तडकलेला सापडतो. पाइपाच्या आत बोट फिरवा. लाल माती लागली तर कारण हातात आलं. काम झाल्यावर गाडी उभ्या उभ्या तासन्‌तास चालू ठेवून ‘सेट’ करत बसू नका. कमी-जास्त लोडवर फिरवा आणि ५०० ते १,००० किलोमीटरच्या दरम्यान पहिलं ऑइल बदला.

जुनं इंजिन आणून टाकणं, किंवा विकणं

भंगारातलं तयार इंजिन फुल इंजिनापेक्षा स्वस्त पडतं, पण मला तो जुगार वाटतो. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पुराचं पाणी गाड्यांवरून गेलं, आणि पुरात सापडलेल्या गाड्यांचे भाग पुढे कुठे कुठे विकले जातात याचा माग लागत नाही. पाणी गेलेलं इंजिन चालू होऊ शकतं आणि आत एखादा रॉड किंचित वाकलेला असू शकतो. कम्प्रेशन मोजल्याशिवाय आणि इंजिनाच्या मूळ गाडीचे कागद बघितल्याशिवाय घेऊ नका. इंजिन बदललं की आरटीओची परवानगी आणि आरसीवर नव्या नंबरची नोंद लागते. ती नसेल तर पुढच्या फिटनेसला अडकलात.

विकायचं ठरलं तर इंजिन करून विकू नका. घालवलेले पैसे किमतीत परत येत नाहीत. ऑइल किती जातं ते सांगून, मोजलेले आकडे दाखवून तेवढी किंमत खाली घ्या. घेणारा जाणता असेल तर तोही आल्या आल्या झाकण फिरवून तोंडावर ठेवणारच आहे.