ऑर्डरींची यादी पानांत तोडताना: ऑफसेट की कीसेट?

अप्पा बळवंत चौकातल्या एखाद्या पुस्तकविक्रेत्याच्या वेब अ‍ॅप्लिकेशनमध्ये ‘ऑर्डर’ आणि ‘ऑर्डरमधील पुस्तके’ अशी दोन टेबले आहेत आणि एका पानावर 20 ऑर्डरी दाखवायच्या आहेत, असे धरू. पद्धत निवडण्याआधी पानावर नेमके काय मोजायचे, हे ठरवावे लागते. दोन्ही टेबले जॉईन करून, म्हणजे प्रत्येक ऑर्डरीला तिच्या पुस्तकांच्या ओळी जोडून, शेवटी ‘लिमिट 20’ (फक्त पहिल्या 20 ओळी) लावले, तर ते ऑर्डरींना नव्हे, जॉईनमधून निघालेल्या ओळींना लागते. शाळेच्या एका ऑर्डरमध्ये 35 पुस्तके असली, तर तेवढ्यानेच पान भरते, आणि ती ऑर्डरही अर्धवटच दिसते. उलट प्रत्येक ऑर्डरीसाठी वेगळी क्वेरी (डेटाबेसला विचारणा) केली, तर एका पानापायी 21 क्वेऱ्या होतात: एक यादीची आणि 20 पुस्तकांच्या. म्हणून आधी फक्त 20 ऑर्डरी काढाव्यात आणि त्यांच्या आयडींवरून सगळी पुस्तके दुसऱ्या एकाच क्वेरीत आणावीत. पायथनच्या जँगो या फ्रेमवर्कमधले ‘प्रीफेच रिलेटेड’ हेच करते. जावाच्या हायबरनेट या लायब्ररीत मात्र कलेक्शन जॉईन-फेच करून, म्हणजे ऑर्डरींसोबत पुस्तकेही एकाच जॉईनमध्ये आणून, पाने मागितली, की ते सहसा लॉगमध्ये इशारा देऊन सगळ्या ओळी मेमरीत ओढते आणि पान तिथे कापते. तो इशारा वाचणारा डेव्हलपर माझ्या पाहण्यात विरळाच.

आता मूळ प्रश्न. ऑफसेट, म्हणजे ‘सुरुवातीच्या इतक्या ओळी सोडून पुढच्या 20 द्या’ असे सांगणे, लिहायला सोपे आहे आणि हव्या त्या पानावर थेट उडी मारता येते. पण 500 व्या पानासाठी डेटाबेस 10,000 ओळी काढतो आणि 9,980 टाकून देतो. जूनमध्ये, शाळांच्या ऑर्डरी धडाधड येत असताना, दुसरा दोषही दिसतो: नव्या ऑर्डरी वर असलेल्या यादीत पहिले पान वाचेपर्यंत तीन ऑर्डरी आल्या, तर त्याच पानावरच्या शेवटच्या तीन ऑर्डरी दुसऱ्या पानाच्या माथ्यावर पुन्हा हजर होतात.

कीसेटमध्ये शेवटच्या दिसलेल्या ऑर्डरीची तारीख आणि आयडी लक्षात ठेवून ‘याच्या आधीच्या 20’ मागतात. दोन्ही कॉलमवर मिळून इंडेक्स (झटपट शोधासाठी क्रमाने लावलेली सूची) असेल, तर पान कितीही खोल असो, वेळ जवळपास तेवढाच लागतो. नुसत्या तारखेवर विसंबू नये, कारण एकाच क्षणी नोंदलेल्या दोन ऑर्डरींपैकी एक सीमेवर गळून पडू शकते. पानांचे क्रमांक मात्र यात मिळत नाहीत.

काउंटरवरच्या सतत वाढत्या यादीसाठी मी कीसेटच निवडेन. ज्या यादीची पाने शंभराच्या आत राहतील, तिला ऑफसेट पुरते. हिशेबनिसाला जुन्या ऑर्डरींपर्यंत जायचे असेल, तर त्याला पान क्रमांकापेक्षा तारखेचा फिल्टर द्यावा. त्याला हवी असलेली ऑर्डर कितव्या पानावर आहे, हे त्यालाही ठाऊक नसते.